अकरा वेळा बंद

भगवंत : अकरा. भिंतीवरच्या या चौकटीत अकरा तारखा आहेत, काशीबाई. प्रत्येक दोन तारखांमध्ये चौदा दिवस, एकदाही चूक नाही. आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द, बंद. शेवटची ओळ तेवढी वाकडी गेलीय, लिहिताना हात हलल्यासारखी.

काशीबाई : मलेरियावाल्याची चौकट ती. साऱ्या बोईसरात भिंतीभिंतीवर हाय. सुट्टीच्या दिशी भिंत काय वाचतोस? जेवलास का?

भगवंत : जेवलो. तो येऊन करतो काय?

काशीबाई : इचारतो, कोनाला ताप आला का. आला तर बोट टोचून काचेवर रगत घेतो, गोळ्या देतो. नाय तर तारीख लिवून फुडं. मी बोलते, खोली माजीच हाय, भाडेकरूला तापबीप नाय. तो बोलतो, मावशी, मानूस दिसला पायजे. मागच्या टायमाला बोलला, खरंच हिथं कोन ऱ्हातं का?

भगवंत : असं म्हणाला?

काशीबाई : मी बोलले, ऱ्हातो. देशावरचा पोरगा हाय, प्लँटवर सिमिटाचे ठोकळे फोडतो.

भगवंत : फोडत नाही. किती वजनाला फुटतात ते मोजतो.

काशीबाई : म्हंजे फोडतोसच.

भगवंत : तो चौदा दिवसांनी येतो, मला सुट्टी दर आठव्या दिवशी. पहिल्या दोन तारखा पडल्या तेव्हाच हिशेब केला होता. आठ आणि चौदाचा लसावि छप्पन्न.

काशीबाई : मला समजंल असं बोल.

भगवंत : आठाठाच्या उड्या मारा, मग चौदाचौदाच्या. दोन्ही पहिल्यांदा एकाच जागी पडतात ती जागा छप्पन्न. वाटलं, छप्पन्न दिवसांत एकदा तरी तो येईल तेव्हा मी घरी असेन.

काशीबाई : मंग?

भगवंत : एकशेचाळीस झाले.

काशीबाई : तुजं गनित चुकलं.

भगवंत : गणित बरोबर आहे, चुकलो मी. छप्पन्न दिवसांनी पुन्हा भेट होते, आधी एकदा झाली असेल तर. आमची पहिलीच झालेली नाही. आठाला दोनाने भाग जातो, चौदालाही जातो. दोन हा त्यांचा मसावि, दोघांना भागणारा सगळ्यात मोठा आकडा. तो शेवटचा आला तिथून मोजलं तर त्याच्या फेऱ्या चौदा, अठ्ठावीस, बेचाळीस. सगळ्या सम. माझी सुट्टी आज पाचव्या दिवशी, मग तेरा, एकवीस, एकोणतीस. सगळ्या विषम.

काशीबाई : तेरा आनि चौदा. एका दिसानं चुकता म्हन.

भगवंत : कधी एका, कधी तीन दिवसांनी. पण चुकतोच. कितीही वर्षं राहिलो तरी.

काशीबाई : तुजं काय काम हाय रं त्याच्याशी?

भगवंत : काम काही नाही. पाच महिन्यांत या दाराशी तो एकटाच आलाय.

काशीबाई : मंग सुट्टी एक दिस फुडं ढकल की.

भगवंत : प्लँटवरच्या शिवाजीबरोबर बदलता येईल. पण तो कारण विचारेल. काय सांगू?

काशीबाई : पावना येनार हाय, सांग.

(नऊ दिवसांनी, सकाळी. खोलीचं दार उघडं.)

मारुती : मलेरिया! अरेच्चा, उघडं आहे?

भगवंत : या ना. मी राहतो इथे. भगवंत.

मारुती : दिसलात एकदाचे. मी मारुती. घरात माणसं किती?

भगवंत : एक.

मारुती : पंधरवड्यात ताप आला होता का?

भगवंत : नाही म्हटलं तर?

मारुती : तारीख लिहायची आणि पुढचं दार. दिवसाला दीडशे दारं आहेत.

भगवंत : मग आला होता.

मारुती : कधी?

भगवंत : परवा. बहुतेक.

मारुती : बहुतेक. बरं, आधी पाणी द्या. अजून एक तांब्या. टेकतो जरा उंबऱ्यावर. हा थर्मामीटर जिभेखाली धरा. दोन मिनिटं बोलायचं नाही.

भगवंत : पण मला जरा...

मारुती : तोंड बंद. अकरा वेळा दार बंद, आज माणूस सापडला तर तोंड बंद! खिडकीतून बघायचो मी आत. खुंटीवर एकच शर्ट, कधी निळा, कधी पांढरा. त्यावरून कळायचं, आहे बुवा कुणीतरी. मान हलवू नका. चार वर्षं हेच विचारतोय, ताप आला का, ताप आला का. मला उलट कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? पालघरला माझी खोली आहे, तिथे दुसऱ्या माणसाची फेरी असते. तो येतो तेव्हा मी इकडे तुमच्या दारांवर. माझ्याही भिंतीवर बंदच लिहिलेलं असतं. झालं, द्या इकडे.

भगवंत : थांबा, मी वाचतो. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

मारुती : म्हणजे ताप नाही.

भगवंत : आलाच नव्हता.

मारुती : ते 'बहुतेक' म्हणालात तेव्हाच कळलं. सरका, तारीख लिहू द्या.

भगवंत : तुमचा हात हलतोय. मागची ओळही वाकडी आहे.

मारुती : चालून चालून होतं. एक दिवसाआड जराशी थंडी भरते, मग उतरते.

भगवंत : हा थर्मामीटर पुसता कशाने?

मारुती : डबीत स्पिरिटचा बोळा आहे. का?

भगवंत : हं, धरा जिभेखाली. दोन मिनिटं बोलायचं नाही.

मारुती : अहो, पुढची घरं...

भगवंत : तोंड बंद. शिवाजीला सांगून सुट्टी कायमची एक दिवस पुढे घेतलीय मी. आता छप्पन्न दिवसांनी मी इथे असेन, नक्की. भिंतीला पाठ टेका. घोंगडी आणू? मान हलवू नका.

काशीबाई : आला का रं पावना? चा टाकू?

भगवंत : टाका. दोघांचा.

काशीबाई : आनि ह्यो का असा कुडकुडतोय? बघ तरी किती हाय.

भगवंत : एकशे दोन पॉइंट दोन.