मामांची रिकामी कंबर

आमच्या साताऱ्याच्या सदामामांचं सांगतो, ऐका. मामांकडे परवान्याचं पिस्तूल. शर्टाखाली कमरेला खोचल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. माझ्याकडे सिंगापूरला यायच्या आधी त्यांचा फोन आला, "माझा परवाना गोव्यात चालतो, कर्नाटकात चालतो. तुमच्याकडे?"

"मामा, इथे नुसतं सापडलं तरी तुरुंग, वर वेताचे फटके!"

बिचारे पिस्तुलाविना तसेच आले. चांगी विमानतळापासून सेंगकांगच्या आमच्या घरापर्यंत टॅक्सीत कंबर चाचपत होते. म्हटलं, आता पंधरा दिवस तोंड पाडून बसणार. पण आमच्या कॉन्डोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या, गणपतीत ढोल वाजला आणि मामा असे काही नाचले की पोरं सिंगापुरी इंग्रजीत ओरडायला लागली, "आजोबा, वन मोर लाह!"

मी म्हटलं, "मामा, माझ्या वरातीत तर तुम्ही खांबासारखे उभे होतात!"

"अरे गाढवा, कमरेला भरलेलं पिस्तूल खोचून कुणी नाचतं का?"