ग्राइप वॉटरची बाटली

(बारामतीतला लहान मुलांचा दवाखाना, संध्याकाळ. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाळाच्या दोन्ही आज्या: पणदऱ्याच्या मुक्ताबाई, बापाची आई, निरवांगीच्या ताईबाई, आईची आई. समोर नर्स राजनंदिनी.)

राजनंदिनी: दुधाचं कळलं, मुक्ताआजी. दुधाशिवाय आज पोटात काय गेलं?

मुक्ताबाई: काय जाणार? महिन्याचं पोर ते. आज नाव ठेवायचा कार्यक्रम हुता निरवांगीला, ह्यांच्या घरी. आमी पणदऱ्याहून गाडी भरून गेलो. बुद्धवंदना झाली, पाळण्यात घातलं, ऋषिराज नाव ठेवलं. मंग काय, ह्याच्या हातातनं त्याच्या हातात. दुपारी जे रडाय लागलं ते थांबायचं नावच घेईना.

राजनंदिनी: मग?

मुक्ताबाई: मंग मी सैपाकघरात बघितलं. डब्याच्या मागं ग्राइप वॉटरची बाटली हुती. पाजलं चमचाभर.

ताईबाई: तुमी पाजलं? त्या बाटलीतलं?

मुक्ताबाई: व्हय. तुमी पंगतीत वाढत हुता.

ताईबाई: किती पाजलं, विहीणबाई?

मुक्ताबाई: एकानं गप झालं न्हाय म्हणून अजून दिलं. तीन चमचे झाले असतील. ग्राइप वॉटर हाय ते, इख न्हाय.

राजनंदिनी: एवढ्याशा बाळाला ते देऊच नये, आजी. पण त्यानं बाळ असं गळून पडत नाही. तळपायाला टिचकी मारली तरी डोळा उघडत नाही. श्वास घेता घेता मध्येच थांबतंय. सरांना वाटतंय जंतुसंसर्ग आहे. अँटिबायोटिक चालू केलंय, पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत. घरी कुठलं औषध चालू होतं?

ताईबाई: ते... व्हिटॅमिनचं थेंब. सगळ्यास्नी देत्यात ते.

राजनंदिनी: बस्? पायलला विचारलं तर ती नुसती रडतेय. म्हणते, आईला विचारा.

ताईबाई: बाळंतीण हाय. घाबरलीय.

राजनंदिनी: याआधी कधी झटका आला होता बाळाला? फिट?

मुक्ताबाई: काय तरीच काय बोलता, मॅडम. आमच्या घरात कुणाला न्हाय. ह्यांच्यात बी न्हाय, चौकशी करूनच सोयरीक केली. माज्या सुमितला पयलं सांगवीचं स्थळ आलेलं. पोरगी शिकलेली, सोन्यासारखी. पर तिच्या भावाला फिट येत हुती. आमी तितंच हात जोडले.

राजनंदिनी: मी ताईआजींना विचारतेय.

ताईबाई: न्हाय. तसलं काय न्हाय.

राजनंदिनी: बरं. आत्ता त्याचा पाय जरा वळवळला. आतल्या आत झटके येत असतील अशी सरांना शंका आहे. फेनोबार्ब भरायला सांगितलंय. शिरेतून देतो आणि बघतो.

मुक्ताबाई: ते कसलं?

राजनंदिनी: झटक्याचं औषध. गुंगी येते त्यानं, पण झटके थांबतात. बसा तुम्ही.

ताईबाई: मॅडम, थांबा. ते नगा देऊ.

राजनंदिनी: का?

ताईबाई: दिलंया ते. आज दिलंया. लई दिलंया.

राजनंदिनी: कोणी?

ताईबाई: विहीणबाईंनी.

मुक्ताबाई: मी? डोकं फिरलं का तुमचं?

ताईबाई: त्या बाटलीत ग्राइप वॉटर नव्हतं.

राजनंदिनी: ताईआजी, इकडं बघा. नीट सांगा आणि लवकर सांगा.

ताईबाई: बाळंत होऊन घरी आलो आन लगीच त्याला झटका आला. डोळं फिरवलं, हात आवळला. इंदापूरला नेलं, तितं ठेवून घेतलं. घरी सोडताना हेच औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ नळीनं मोजून. पायल देत हुती, एक बी टाइम चुकला न्हाय. तिला मी गळ्याची शपथ घातली, सासरी कळू द्यायचं न्हाय. आज ही सगळी येणार. बाटलीवर नाव छापलेलं, सुमितरावांनी मोबाईलवर बघितलं तर? म्हणून ग्राइप वॉटरची बाटली धुतली आन त्यात वतलं.

राजनंदिनी: मूळ बाटली कुठं आहे? औषध किती कडक आहे ते बघायचंय.

ताईबाई: पायलच्या पिशवीत. दुपट्यात गुंडाळलीय.

राजनंदिनी: घेते मी. आणि हे ऐका. यावर उतारा नाही. अंगातलं औषध उतरेपर्यंत श्वास सांभाळायचा, एवढंच हातात आहे. वरून अजून एक डोस गेला असता तर... जाऊ दे. सरांना सांगून येते.

मुक्ताबाई: तीन चमचे, ताईबाई.

ताईबाई: मला ठावं नव्हतं. तुमच्या गळ्याशप्पत.

मुक्ताबाई: गप झालं तवा सगळ्या बायास्नी म्हणलं, बघा, आजीच्या हाताला गुण हाय. चमच्यात लालसर दिसलं तवा बी वाटलं, ग्राइप वॉटर आता असंच येत असंल. माज्या मांडीवर निजलं ते. तासभर हलले न्हाय मी, झोप मोडंल म्हणून.

ताईबाई: माजं चुकलं.

मुक्ताबाई: झटका आला तर फोन करायचा. आमी काय वैरी हुतो?

ताईबाई: ते सांगवीचं स्थळ तुमी साखरपुड्यातबी असंच सांगितलं हुतं. सगळ्यांच्यात, हसत. पोराला झटका आला तवा पायल पयलं काय बोलली ठावं हाय? बाळ जगंल का, हे न्हाय इचारलं तिनं. म्हणली, आई, सासूबाईंना कळंल का?

मुक्ताबाई: म्हंजे माज्यामुळं झालं व्हय?

ताईबाई: तसं न्हाय म्हणत मी.

मुक्ताबाई: म्हणताय की. म्हणा. खोटं बी न्हाय ते.

राजनंदिनी: (थोड्या वेळानं आतून येत) घशात नळी टाकलीय. आता श्वास मशीन देतंय. पाठीतलं पाणी काढायचं सरांनी तूर्त थांबवलंय, झटक्याचं औषध तर बंदच. रक्तात किती आहे ते तपासायला पाठवलं.

ताईबाई: वाचंल का?

राजनंदिनी: आजची रात्र जाऊ दे. खोटा धीर देत नाही मी, आजी. पण आता निदान आम्हाला कळलंय, आम्ही कशाशी झगडतोय. बाळाच्या वडिलांना बोलवा. सरांना बोलायचंय त्यांच्याशी.

ताईबाई: सर त्यास्नी सगळंच सांगणार?

राजनंदिनी: सांगावंच लागेल. बरा झाला तरी झटक्याचं औषध त्याला पुढं लागणारच असेल. ते लपवून कसं द्यायचं?

मुक्ताबाई: सर कशाला सांगतील? सुमित खाली गाडीपाशी हाय. आमी जातो.

ताईबाई: विहीणबाई...

मुक्ताबाई: चमच्याचं मी सांगते. बाटलीचं तुमी सांगा.

ताईबाई: सांगते. पर माज्या पायलला नांदवाल का? एवढंच बोला. तिनं माजं ऐकलं, दुसरा तिचा काय बी गुन्हा न्हाय.

मुक्ताबाई: आत्ता मला काय इचारू नगा. आदी मला माज्या पोराच्या तोंडाकडं बघून बोलायचंय.