सूज उतरवण्याचे पाच उपाय

नाही, पण मला एवढंच सांगा — किती वेळ लागला असेल ताईला जायला? डॉक्टरला विचारलं, तो कागदावर सही करत राहिला. पोलिसाला विचारलं, तो म्हणाला रिपोर्ट येऊ दे. भिंतीपलीकडच्या काकूंना विचारलं — भिंत कसली, पुठ्ठाच तो, ताईच्या घरात शिंकलं तर काकूंनी नाक पुसावं — तर काकू म्हणाल्या, मिक्सर चालू होता. सकाळी नऊपासून अकरापर्यंत मिक्सर? काय दळत होतात, म्हटलं, सिमेंट? तर त्यांनी दार लावून घेतलं. तुम्हीही नका सांगू. तुम्हाला कुठून ठाऊक असणार, तुम्ही तुमच्या ऑफिसात बसून तिचे लेख तपासणाऱ्या. बसा मॅडम, त्या स्टुलावर बसा, त्याला ग्रीस नाहीये. चाक काढलंय तुमच्या गाडीचं, आता ते परत लागेपर्यंत तुम्ही माझ्या पाहुण्या. खिळा आहे, हा बघा, चांगला बोटभर. कुठून आणलात?

तर तुम्ही म्हणता, आता मी सांगायचं. भावाचा अनुभव. ताईला देत होतात तोच भाव, शब्दाला तेवढाच. मॅडम, मी सातवीतून शाळा सोडली. टायरवरचे आकडे वाचतो मी, ते भराभर. पण तुमच्या त्या वेबसाइटवरचा एक लेख वाचायचा म्हणजे मला सकाळच्या चहाला बसून जेवणापर्यंत पुरतो. बोट ठेवून वाचतो, बोट काळं, मग फोनची काचही काळी, मग पुसा, मग ओळ हरवते. लिहायची ती ताई. घरात वहीचा कागद दिसला की लिहायची, किराणाच्या यादीखाली लिहायची. सुरुवातीला काय साधंसुधं होतं सगळं — शर्टाच्या कॉलरचा मळ कसा काढावा, करपलेलं पातेलं कसं घासावं. तेवढ्यावर ठेवलं असतंत तर? पातेली काय कमी होती का तिच्याकडे?

मग तिने तो लेख लिहिला. मुका मार लागल्यावर सूज उतरवण्याचे पाच उपाय. मला तिने वाचून दाखवला होता, इथेच, त्याच स्टुलावर बसून. बर्फ थेट लावू नये, फडक्यात गुंडाळून लावावा. उशी उंच घ्यावी. दुसऱ्या दिवसापासून शेक. डोळ्याखालचं निळं झाकायचं तर आधी केशरी लाली लावावी, मग पावडर, म्हणजे ते राखाडी दिसत नाही. बरगडीला लागलं असेल तर हसू नये, शिंक आली तर उशी पोटाशी धरावी. मी म्हटलं, ताई, तुला बरंच कळतं गं डॉक्टरकीतलं. ती हसली. बरगडीला हात लावून हसली. मला तेव्हाही कळलं नाही. एवढा मठ्ठ मी. तुम्हाला कळलं. तुम्ही फोन केलात तिला — छान आहे, पण यात तुम्ही कुठे आहात? स्वतःचं घाला, वाचकाला खरं लगेच ओळखू येतं. असंच म्हणालात ना? ती तुमची नक्कल करायची. राग नको, प्रेमाने करायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हटलं होतं की तुझं सांग.

मग तिने घातलं स्वतःचं. नाव बदलून, पण घातलं. कसा मारायचा दाजी, हे मला ती गेल्यावर तुमच्या वेबसाइटवरून कळलं, मॅडम, सख्ख्या भावाला. कपड्याखाली झाकेल असं मारायचा. पट्ट्याचं बक्कल आधी काढून टेबलावर ठेवायचा, शिस्तीचा माणूस, बक्कल वाकायला नको ना. केस हाताला गुंडाळून न्हाणीतल्या नळावर डोकं आपटायचा, आणि वरून पाणी सोडायचा, म्हणजे शेजारी म्हणतील बाई अंघोळ करतेय. भाची दारात आली की म्हणायचा, आई घसरली, जा, टॉवेल आण. सहा वर्षांची पोर टॉवेल घेऊन दारात उभी. हे सगळं लोक वाचत होते आणि खाली लाल बदाम टाकत होते. आणि आता पोलीस ठाण्यात तेच सांगतोय तो — न्हाणीत घसरली. आणि त्याच्या वकिलाचं म्हणणं काय, तर भांडण झालंच नाही. भांडायला कारण काय? बायको लिहायची हेच माझ्या अशिलाला माहीत नव्हतं. सोमवारी सुटतोय तो. भाची माझ्याकडे आहे, तिचं दप्तर ते बघा, त्या टायरवर. सोमवारी तो येईल आणि पोरीला हाताला धरून त्याच घरात घेऊन जाईल. बाप आहे तिचा. कायद्याने मी कोण? मामा.

मारला ना त्याला मी. दवाखान्यातच. ती आत चादरीखाली आणि हा बाहेर बाकड्यावर फोनवर कुणालातरी सांगतोय, पाय घसरला हो. मी त्याचं डोकं धरलं आणि त्या बाकड्याच्या लोखंडी दांड्यावर घातलं, दोनदा. तिसऱ्यांदा चौघांनी मला ओढलं. दात निघाला त्याचा, इथला. अजून हाताला त्याचं रक्त लागतं, रात्रंदिवस धुतो तरी. काही उपयोग झाला नाही. उलट पोलीस म्हणतात, तू डोकं फिरलेला, तुझ्या शब्दाला काय किंमत. घाबरू नका, पाना ठेवतो खाली. सवयीने हातात येतो.

माझ्यावरही लिहिलं तिने. वाचलंत ना तुम्ही, तुम्हीच तर छापलंत. अकरा वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करणारा माझा भाऊ. तो लेख गिऱ्हाइकाने वाचला, गिऱ्हाइकाने शेजारच्या वेल्डरला दाखवला, वेल्डरने मला हाक मारली — काय रे, आज कोरडा का? नाव नव्हतं माझं. पण टायरच्या दुकानात काम करणारा, डाव्या कानामागे डाग असलेला, बहिणीच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत — मॅडम, तुमच्याकडे लोक ओळखू येणार नाहीत असं लिहायला शिकवत नाहीत का? मी बोट ठेवून वाचायला बसलो. अर्ध्यापर्यंत वाचलं आणि डोकं सटकलं. पाना तसाच टाकला, हात न पुसता तिच्या घरी गेलो. कणीक मळत होती. एक ठेवून दिली. हो, मीही. बघू नका असं. सगळी बोटं उमटली गालावर, टायरची काळी, पाचच्या पाच. ती काय म्हणाली ऐका. म्हणाली, अरे, हे साबणाने निघत नाही, रॉकेल लागतं, आता कुठून आणू. बस. आणि परत कणीक मळायला लागली.

खालचं अर्धं मी ती गेल्यावर वाचलं. आठवडा लागला धीर करायला. त्यात असं आहे की बाप दारू पिऊन आला की मी झोपेत ओला व्हायचो, आणि ओली गादी बापाला दिसली की माझी कातडी सोलायचा, म्हणून ताई पहाटे उठून तांब्याभर पाणी गादीवर ओतायची आणि सांगायची, माझ्या हातून सांडलं. आणि मार ती खायची. पाच वर्षं. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं ताई धांदरट आहे. दाजीही तेच वाचून हसला होता, म्हणाला, लहानपणापासून सवय आहे की तिला —

काय?

काही नाही. दाजी. हसला म्हणजे… असाच, कुठेतरी. पुढचं चाकही बघायचं का? हवा कमी वाटते. नाही, थांबा, उठू नका, चाक नाही लावलेलं अजून. तुम्ही कुणाला फोन करताय? ठेवा तो. ठेवा म्हटलं ना.

बरं. उभ्या राहा तर उभ्या. ऐका पण.

त्या दिवशी संध्याकाळी तो इथे आला. बायकोच्या गालावर पुरुषाची बोटं, मला सांग, कुणाची? ती सांगत नव्हती म्हणे. मी हात पुढे केला, जुळवा, म्हटलं, माझीच आहेत. तो म्हणाला, माझ्या बायकोला हात लावणारा तू कोण? जणू तो मान त्याच्या एकट्याचा. कॉलर धरली माझी, दोन गिऱ्हाइकांसमोर, शेजारच्या वेल्डरसमोर. मला एवढंच दाखवायचं होतं की चूक तिची आहे. माझी नाही, तिची. म्हणून फोन काढला, लेख उघडून त्याच्या हातात दिला. बघा, म्हटलं, तुमची बायको सगळ्या जगाला काय सांगते माझ्याबद्दल. तो टायरच्या थप्पीवर बसला. वाचायला हुशार आहे तो, सरासर वाचतो. हसला. पूर्ण वाचला, खालचं अर्धंही. मग अंगठा वर ढकलत राहिला, ढकलत राहिला. मला कुठे ठाऊक, मॅडम, की एका लेखाखाली त्याच बाईचे बाकीचे सगळे लेख लावलेले असतात, रांगेने? मी कधी खालपर्यंत पोचलोच नव्हतो. मी एक ट्रकचं चाक काढलं, लावलं, दुसरं काढलं, तो वाचतोच आहे. हसणं बंद झालं होतं. मला वाटलं, माझ्या बाजूने झाला. चहा सांगितला त्याच्यासाठी. प्यायला. फोनची काच स्वतःच्या शर्टाला पुसून परत दिली. म्हणाला, चांगलं लिहिते, नाही? आणि म्हणाला, पाच उपाय कमी पडतील.

मी हसलो. म्हणजे मला वाटलं काहीतरी गंमत आहे, मोठा माणूस बोलला की आपण हसायचं. सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

पोलिसांनी दोनदा विचारलं. दाजींना लेखांचं माहीत होतं का? नाही, म्हटलं. दोनदा. कारण हो म्हटलं की पुढचा प्रश्न, कुणी सांगितलं. आणि त्याचं उत्तर भाचीला कळलं की ती माझ्या हातचं जेवेल का? आत्ता जेवते. माझ्या बोटाला धरून शाळेत जाते, वाटेत पाट्या वाचते, अक्षर लावून लावून, माझ्यासारखीच. पण ती माझ्यासारखी अर्ध्यात सोडणारी नाही. आईवर गेलीय. एक दिवस सगळं खालपर्यंत वाचणार. म्हणून तुम्ही आलात तेव्हा मी ठरवलं होतं, चाक काढायचं आणि तुमच्याकडून सगळे लेख पुसून घ्यायचे, माझ्यासमोर, एकेक. नाही पुसले तर हा पाना होताच. खरं सांगतो. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा तुमच्या डोक्याकडेच बघत होतो मी.

नका पुसू.

धरा हा नट, दुसरा द्या. झालं. चाक लागलं, तुम्ही मोकळ्या. पैसे राहू देत, हात जोडतो, तुमच्याकडचे पैसे मला सोसणार नाहीत. फक्त एक करा. तुमच्या फोनवर आवाज भरून घेता येतो ना? लावा. आत्ता, लगेच, आणि इथून सरळ ठाण्यात जा, वाटेत थांबू नका. मी पलटणारा माणूस आहे. उद्या सकाळी तुम्ही विचारलंत तर मी म्हणेन, मॅडमनी बनवलंय सगळं, पैसे देऊन बोलायला लावलं. वाटलं तर अंगावरही येईन. तेव्हा दिवस आहे तोवर जा. आईच्या बाबतीत मी काय केलं ते पोरीला कळेल, कळू दे. माझ्या हातचं नको जेवू दे. काकू बघतील, नाहीतर सरकार बघेल. त्याच्या घरी नाही गेली म्हणजे झालं.

लागलं का? तो लाल ठिपका म्हणजे लागलं? बरं.

मी तिचा सख्खा भाऊ. माझं नाव ह्या मॅडमना ठाऊक आहे, ते बदलायचं नाही. माझ्या बहिणीचे लेख तिच्या नवऱ्याला मी दाखवले. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, माझ्या दुकानात, माझ्या फोनवर. त्याने सगळे वाचले, तासभर वाचले, दोन गिऱ्हाइकं आणि शेजारचा वेल्डर साक्षीला आहेत. वाचून तो म्हणाला, पाच उपाय कमी पडतील. पोलिसांना मी दोनदा खोटं सांगितलं. हे खरं आहे.

बंद करा. निघा आता.