मनापासूनचं वाक्य

पाठ केलेलं वाक्य मनापासून बोलता येतं का गं? आमच्या हिंगणघाटच्या लुगड्यांच्या कारखान्यात साहेबांनी तसं बजावलं होतं. नागपूरच्या व्यापाऱ्याने माल घेतला नाही, तर कारखाना बंद पडणार होता. म्हणून त्याने काहीही विचारलं तरी सगळ्यांनी एकच सांगायचं, "आमचा कारखाना म्हणजे विश्वासाची परंपरा."

व्यापारी आला. "रंग टिकतो का?" त्याने विचारलं.

चौघींनी तेच वाक्य म्हटलं. कांताबाईला मात्र ऐनवेळी ते आठवेना.

"मी तं लेकीच्या बाळंतपनाले इथलंच लुगडं नेलं जी," ती म्हणाली. "पयल्या धुन्यात रंग जाते, मंग नाई जात."

व्यापारी हसला आणि सगळा माल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी लेकीच्या बाळंतपणाचं ते वाक्य आम्हा सगळ्यांकडून, लग्न न झालेल्या सुमनकडूनसुद्धा, पाठ करून घेतलं.