सासूबाईंचे तिसरे जावई

...आणि पुन्हा गोल! नाही, मला सांगा, अख्खा तळ समोर मोकळा पडलाय, इकडे पाचोळा, तिकडे माती, पायऱ्यांपाशी तर काळा थर साचलाय, आणि हे यंत्र काय करतंय? एकाच कोपऱ्यात गोल, गोल, गोल! तेवढी एक जागा इतकी लख्ख की तिथे वाकून भांग पाडावा, आणि बाकी सगळा उकिरडा!

तुम्हाला सांगतो, घरी स्विमिंग पूल आहे म्हटलं की लोकांचे डोळे असे मोठे होतात. काय मजा आहे बुवा तुमची! अहो, कसली मजा? घर घेतलं तेव्हा तो मागच्या अंगणात होताच, आधीच्या मालकाची हौस. मला पोहता येत नाही, बायकोला पाण्याकडे नुसतं बघून शिंका येतात, आणि शेजारच्या झाडाला मात्र आमच्याच पाण्यात पानं टाकायची भारी आवड. म्हणून ते यंत्र. साधी गोष्ट आहे हो. ताटाएवढं गोल, खाली रबराची झालर, डोक्यावर लांबच लांब नळी, नळीचं दुसरं टोक पूलच्या भिंतीतल्या भोकाला लावायचं. पंप चालू केला की तो नळीतून पाणी ओढतो, यंत्राच्या पोटातला रबराचा पडदा फडफड फडफड करतो, आणि त्या धक्क्यांनी ते तळावरून सरकत सरकत कचरा गिळत जातं. काम झालं की मी ते बाहेर काढतो, धुतो, पुसतो, नळीची छान गोल गुंडाळी करतो, दोरीनं करकचून बांधतो आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवतो. वस्तू वापरली की गुंडाळून जागेवर! आपली शिस्त आहे.

आता तुम्ही म्हणाल, पोहणारं कुणी नाही तर तळ साफ असला काय नि नसला काय? इथेच तर सगळी मेख आहे! आमच्या सासूबाई. गुडघ्यासाठी आमच्याकडे आल्या होत्या. एकट्या राहतात, वरच्या मजल्यावर, जिना असा खडा, आणि उजवा गुडघा पार धरलेला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, औषधांनी होईल तेवढं झालं. आता रोज कमरेएवढ्या पाण्यात चाला." मी म्हटलं, हात्तिच्या! घरचाच पूल आहे! कधी नव्हे ते मला आपल्या घराचा अभिमान वाटला हो. पण सासूबाई काठावर आल्या, खाली वाकून बघितलं, आणि पदर खोचत म्हणाल्या, "मला तळ दिसत नाही. जिथे तळ दिसत नाही तिथे मी पाऊल टाकायची नाही. रविवारी सकाळपर्यंत स्वच्छ झालं तर उतरेन, नाहीतर सोमवारची गाडी आहेच." म्हणजे परत तोच जिना, तोच गुडघा, आणि रात्री-अपरात्री पाय सटकला तर हाक मारायला कुणी नाही. बायको माझ्याकडे बघायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं!

मी छाती काढून सांगितलं, "आई, काळजीच करू नका." आणि यंत्र पाण्यात सोडलं. गोल!

सासूबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या, पाय स्टुलावर. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे माझे तिसरे जावई म्हणायचे." मी म्हटलं, असं का? "मोठे जावई फोनवरून सल्ले देतात, धाकटे हो-हो म्हणतात, आणि हे जागच्या जागी फिरतात. काम तिघांचं सारखंच!" मी धाकटा. मी हो-हो म्हणालो.

आणि मोठे, म्हणजे आमचे साडू! त्यांना मी फोन केला नव्हता, बायकोनं केला. साडूंना जगातलं सगळं कळतं. फ्रिज बिघडू दे, गाडी अडू दे, कुणाच्या लग्नात अडचण येऊ दे, साडूंकडे निदान एकच. घसा खाकरून, आवाज खाली आणून, "हवा धरतंय." मी म्हटलं, अहो पण... "हवा धरतंय, हवा! कुठेतरी सांधा सैल आहे. नळी पाण्यात धरून बघा, बुडबुडे येतील." आता आला का प्रश्न! मी कमरेएवढ्या पाण्यात, हातात ती भली मोठी नळी, इंच इंच दाबत चाललोय, बुडबुडा एक नाही, वरून बायको फोन धरून उभी, फोनमधून साडू, "आले का? आले का?" अहो, काय यायचंय? शेवटी मला शिंक आली, तेवढीच काय ती हवा!

मग म्हटलं, आपण पद्धतशीर जाऊ. पंपाचं झाकण उघडलं, आतली जाळी काढली, पानांचा हा एवढा लगदा! ओढ कमी पडत असणार, सापडलं! जाळी घासली, बसवली, पंप चालू. यंत्र आधी जे रेंगाळत गोल फिरत होतं ना, ते आता दणक्यात गोल फिरायला लागलं! सासूबाई म्हणाल्या, "तिसरे जावई खूष दिसतात." मी पंपाला लावलेली एक्स्टेन्शनची वायर काढली, गुंडाळली, जागेवर ठेवली. कितीही वैताग असो, आपली शिस्त आहे.

मग पूलच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदार जाडजूड, काउंटरवर कोपर टेकून बसलेला, यंत्राचं नाव घेतलं की असा काही चेहरा करतो जणू आपल्या घरातलं कुणी अत्यवस्थ आहे. "पडदा गेला असेल," म्हणाला. बरं, द्या पडदा. "झालर बघितलीत? झालरही गेली असेल." द्या झालर. "आणि नळीवरचं वजन? ते मागेपुढे करावं लागतं." करतो बाबा! घरी आलो, यंत्राचं पोट उघडलं, जुना पडदा काढला तर चांगला ठणठणीत! तरी नवा घातला. झालर बदलली. वजन पुढे सरकवलं, मागे सरकवलं, पाणी परत आत येतं त्या तोट्यांची तोंडंसुद्धा खाली वळवली. पाण्यात सोडलं. श्वास रोखला मी. सासूबाईंनी रोखला. बायकोनं रोखला. यंत्र सरळ निघालं... सरळ... सरळ... अहो सरळ चाललंय! ...आणि वळलं. कोपऱ्यात गेलं. गोल!

शनिवारची दुपार कलली. सासूबाई आत गेल्या, आणि थोड्या वेळानं मी पाणी प्यायला गेलो तर त्या पलंगावर बसून बॅग भरत होत्या. मला बघून हसल्या. "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही केलंत ते काय कमी केलंत?" गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडून उशाशी टाकलेलं होतं. मी ते उचललं, नीट गुंडाळलं, पिन लावली, बॅगच्या कप्प्यात ठेवलं. सवयच ना! रोज संध्याकाळी ते मीच गुंडाळतो. आणि बँडेज ठेवताना, काय सांगू तुम्हाला, मला इतकं वाईट वाटलं की मी पाणी न पिताच बाहेर आलो. माझी आई लहानपणीच गेली हो. घरात कुणीतरी आपल्याला टोमणे मारायला आहे, याचं सुख ज्याला आहे त्याला कळायचं नाही.

बाहेर येऊन चिडून यंत्र नळीतून उपटलं. म्हटलं, जा, बस वाळत! पंप बंद केला, भिंतीतलं टोकही काढलं. नुसती नळी राहिली पाण्यात तरंगत. आणि तुम्हाला सांगतो, वारा नाही, पंप नाही, कुणाचा हात नाही, ती नळी हळूच हलली. एक टोक आत वळलं. मग दुसरं वळलं. आणि बघता बघता ती पाण्यावर आपली आपण गुंडाळून बसली! वेटोळं कसं, तर बरोबर माझ्या खुंटीच्या मापाचं! पहिल्यांदा तर, खोटं कशाला बोलू, मला कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त! निर्जीव वस्तूला लागली, घरच्यांना...

आणि मग डोक्यात उजेड पडला.

अहो, यंत्र बिचारं सरळच जात होतं! पडदा ठीक, झालर ठीक, हवा-बिवा काही नाही! रोज मी गुंडाळून, करकचून बांधून, वर उन्हात टांगून त्या नळीच्या अंगात असा बाक भरवला होता की यंत्र निघालं कुठेही तरी ती त्याला कान धरून कोपऱ्यात आणत होती! वस्तू वापरली की गुंडाळून जागेवर, आणि ती जागा म्हणजे तो कोपरा!

मी धावत आत गेलो, सगळं सांगितलं. सासूबाई हसल्या, इतक्या हसल्या की गुडघा धरून बसल्या. मग एकदम डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीचं असंच होतं. कुरळी ती कुरळीच राहते. ओली करायची, ताणायची, वजन बांधून उन्हात टाकायची. सूर्य आहे का अजून? मग बघताय काय!" आणि खुर्ची थेट फाटकापाशी मांडून बसल्या, सेनापती! फाटकापासून गल्लीत सरळ नळी टाकली, एका टोकाला कुंडी, दुसऱ्या टोकाला बायको. "ताणा! अजून ताणा! जावईबापू, जेवलात ना?" येणारे-जाणारे नळी ओलांडून जात होते, विचारत होते, काय चाललंय? बायको म्हणाली, "यांची शिस्त काढतोय."

रविवारी सकाळी यंत्र सोडलं. सरळ गेलं. पलीकडच्या भिंतीला लागलं, वळलं, तिरकं निघालं, पायऱ्यांपाशी गेलं, तो काळा थर खात खात पुढे गेलं. तळ असा दिसायला लागला की फरशीच्या रेघा मोजाव्यात! सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला, नखं रुतली हो, आणि एक पायरी... दुसरी... पाणी कमरेला आलं. खाली बघितलं, आपली पावलं दिसली त्यांना. मग म्हणाल्या, "हात सोडा आता. सारखं काय धरून ठेवता?" आणि चालायला लागल्या! बॅग परत कपाटावर गेली. साडूंचा फोन आला, "सांगितलं होतं ना, हवा होती!" मी म्हटलं, हो-हो.

झालं, सगळं छान झालं. पण नळी? ती आता गुंडाळायची नाही, सरळच ठेवायची, सासूबाईंचा हुकूम. एवढी लांब नळी सरळ ठेवायला जागा कुठे? पुढच्या दारापासून, दिवाणखान्यातून, जेवणाच्या टेबलाखालून, स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत! ज्या घरात चप्पलसुद्धा रेघेत असायची, त्या घरात आम्ही दिवसभर नळी ओलांडतोय! परवा डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, म्हणाले, "वा आजी, पाण्यात चालण्याचा गुण!" सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात चालते घटकाभर. दिवसभर जावयांची नळी ओलांडते, त्याचा गुण आहे हा!"

मी घरी आलो, फोनच्या चार्जरची वायर घेतली, घट्ट गुंडाळली, रबर लावलं, खणात ठेवली. घरात आता मला गुंडाळायला तेवढीच राहिलीय. आणि तुम्हाला सांगतो, कालपासून फोन धड चार्जच होत नाहीये... साडूंना विचारलं. म्हणाले, हवा धरतोय.