वरचा भराव

नाही नाही मॅडम, ‘चुकलं’ बिकलं मला सांगू नका – केकचे खालचे सहाही थर तुमच्या खोदकामाच्या कागदाबरहुकूम आहेत. तळाला काळा, तो जळालेल्या वस्तीचा, त्यात कोको. मग राखेचा. मग खापरांचा – बिस्किटाचा एकेक तुकडा हातानं खोचलाय, बघा वाकून. आणि तुमची ती जुनी विहीर पार तळापर्यंत पोकळ ठेवलीय. पोकळ केक उभा राहतो होय? दोन बसले, तेव्हा हा तिसरा. राहिला सगळ्यात वरचा. काय लिहिलं होतंत? ‘वरचा भराव’. मी चौथी शिकलेली बाई – आमच्यात भराव म्हणजे केकच्या पोटातलं क्रीम. म्हटलं, शिकलेली माणसं वर मागताहेत तर वर देऊ. दिलं बोटभर जाड. मग मामंजींनी कागद पाहिला – सासरे हो माझे – चष्मा लावून तासभर पाहिला आणि म्हणाले, ‘सूनबाई, ही विहीर आपल्या न्हाणीखाली निघालीय.’

तेव्हा कळलं, भराव म्हणजे कोण. आम्ही! आमची चाळीस घरं! मग हात थांबतोय का – काढली गल्ली त्या क्रीमवर. नळ, इस्त्रीवाल्याची टपरी, आमचं निळं दार. मामंजी त्या दाराशी बोट नेऊन विचारतात, ‘कडी लावलीस ना?’ दार पाडून दोन वर्षं झाली, मॅडम! रोज विचारतात, खोदून झालं की परत जायचं ना? मी म्हणते, हो. त्यांच्या डोक्यात हे घातलं कुणी म्हणता? – मीच. घर सोडायच्या कागदावर अंगठा हवा होता ना त्यांचा. नवऱ्याची छाती होईना, म्हणून मी सांगितलं, ‘थोडे दिवसच.’ माझी जीभ चालते ना फार... जाऊ द्या. तुम्हाला कशाला सांगतेय हे?

राहू दे की तेवढा थर. तुमच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना काय कळणार? – काय? खोदताना तो पहिल्यांदा काढूनच टाकतात? माहितेय. आमच्यासमोरच काढला.

आणा ते उलथनं इकडे. तुम्ही नको, विहीर ढासळेल तुमच्या हातानं. हं... टपरी गेली. नळ गेला. हे दार – थांबा, जरा चिकटलंय – हं.

झालं. लावा झाकण, उचला. आणि पुढून नका जाऊ, मागच्या दारानं जा. पुढं मामंजी बसलेत.