तसबिरीचा सत्कार

ज्या वाग्देवतेच्या कृपेने जिभेला गोडवा येतो, आणि गोडवा पुरेनासा झाला म्हणजे सत्य बोलण्याचे बळही येते, तिला प्रथम वंदन करतो.

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, लोणावळ्यातून आणि मावळातल्या गावोगावांहून आलेल्या माता-भगिनींनो व सज्जनहो,

अंबूबाई उद्या तुंगार्ली सोडून सुदुंबऱ्यास भावाकडे कायमच्या जात आहेत. "बाईंचा सत्कार आहे, आपण दोन शब्द बोलावे," असे मंडळाचे चिटणीस हौशीराम म्हणाले, म्हणून मी आलो. येऊन पाहतो तो सत्कारमूर्तीच्या खुर्चीवर तसबीर! अंगावर शालू, कपाळी मळवट, गळ्यात ताजा हार. खाली अक्षरे, 'सती मृणालवती'. त्या बोलपटात दारात आलेल्या यमाला परत धाडणारी सती आपण सर्वांनी तंबूत बसून पाहिली आहे. ते काम ज्यांनी केले, त्या अंबूबाई मात्र शेवटच्या रांगेत, दाराशी बसल्या आहेत.

मी हौशीरामांना विचारले, "हे काय?" ते हळूच म्हणाले, "आबा, बाईंचे मालक गेले ना. मागाहून बायकांचं हळदीकुंकू आहे. पुढं बसवलं तर बरं दिसेल का?"

बरे दिसण्याचा प्रश्न निघालाच आहे, तर मीही एक विचारतो. तसबिरीला हार आपण केव्हा घालतो, हे या सभेला सांगायला हवे काय?

बोलपट आला आणि पार नवलाख उंबरे गावाहून नवऱ्या मुली लग्नाआधी बाईंच्या हातून कुंकू लावून घ्यायला येऊ लागल्या. बाई प्रत्येकीला सांगत, "अगं, मी अंबू. ते सोंग होतं." ऐकतो कोण? यजमान दत्तोबा धंद्याने सुतार, स्वभावाने मिस्कील. ओसरीवर पाट मांडून म्हणत, "या, सतीचं दर्शन घ्या. आज सतीनं भात करपवलाय, पण कुंकू चांगलं हाय." आतून बाईंचा आवाज येई, "त्यांचं ऐकू नका. चुलीम्होरं तेच बसले व्हते."

गेल्या श्रावणात दत्तोबा तापाने गेले. सुतकही फिटले नव्हते, तोच शेजारच्या पुतळाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तितं यमाला परत धाडलंस, मग हितं का न्हाई? आमच्या पोरींच्या कपाळाला हात लावलास तू. फसवलंस आमाला." त्यानंतर त्या ओसरीवर कोणी चढले नाही.

फसवणूक झाली, हे मलाही मान्य आहे. पण कोणी कोणाची केली? इतकी वर्षे मी या गावात पुराण सांगत आलो. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला ताप येत नाही, माणसाला येतो, एवढेदेखील श्रोत्यांच्या पदरी पडले नसेल, तर घात माझ्याही विश्वासाचा झाला.

मघाशी मी दाराशी जाऊन म्हटले, "बाई, पुढे चला." त्या म्हणाल्या, "हितंच बरं हाय, आबा. तिचा सत्कार व्हऊ द्या. तिचा नवरा जित्ता हाय."

सज्जनहो, घरून योजून आणलेले भाषण मी तेथेच विसरलो.

अध्यक्षमहाराज, शाल-श्रीफळ माझ्या हस्ते द्यावयाचे ठरले आहे, आणि ते मी देणार आहे. तसबीर असू द्या. चित्राचा काही दोष नाही. मी शाल घेऊन खाली उतरतो. ज्यांना सत्कार पाहावयाचा असेल, त्यांनी माना मागे वळवाव्यात. अंबूबाई, आपण उठू नका. मीच येतो.

मध्येच न थांबविता आपण ऐकून घेतलेत, याबद्दल आभारी आहे. उतारवयात जीभ कठोर होते. कोणास शब्द लागला असेल तर पोटात घालावा. येथे बसलेल्या सर्वांचे, आणि पुढेमागे हे बोल जो कोणी वाचील त्याचेही, परमेश्वर कल्याण करो. आणि त्याच्या दुःखाच्या दिवशी, त्याला त्याच्या नावाने हाक मारणारे एक तरी माणूस त्याच्या दारी येवो.